शांतवनच्या घरचं पाणी

“पण बाबा, पापाला पाप म्हणायचं नाही, तर मग आम्ही उपदेशाला पुलपिटावर उभं राहायचं तरी कशाला?”

प्रबोधने प्रश्न टाकला आणि उत्तराची वाट बघत बसला.

रणनवरे बाबा चिंचा फोडत होते. मिशनच्या जुन्या आवारात चिंचेची मोठमोठी झाडं होती. होळीच्या सुमारास बाबांच्या ओसरीवर चिंचांचा ढीग पडायचा. बाबा दगडावर चिंच ठेवायचे, बत्त्याने हलका ठोका द्यायचे. टरफल एकीकडे, चिंचोका दुसरीकडे, गर परातीत.

“म्हणू नको, असं कोण म्हणालं?”

“तुम्ही काहीच बोलत नाही, म्हणून विचारलं.”

“मी ऐकतोय. पुढं सांग.”

प्रबोध ओहोळ कातरखेड्याच्या चर्चमध्ये पाळक म्हणून आला त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. बाबांनीच त्याला घडवलं होतं. बाबा दुसऱ्या गावी पाळक असताना प्रबोध त्यांच्या हाताखाली प्रार्थना करायला शिकला, बाबांच्याच शब्दावर पाळक व्हायला सेमिनरीत गेला आणि तिथे पहिला आला. आता बाबा निवृत्त होऊन आपल्या गावी, कातरखेड्याला येऊन राहिले होते, आणि नेमकी तिथल्याच चर्चची मंडळी प्रबोधला मिळाली होती. गुरूच्या डोळ्यांदेखत काम करायचं... त्याला ते भाग्य वाटायचं. आपला उपदेश बाबांच्या कानावर जावा, असंही वाटायचं.

आज तो त्यासाठीच आला होता.

“गुड फ्रायडेआधीचे दुःखसहनाचे दिवस चालू आहेत,” तो म्हणाला. “म्हणून मी पापावर बोललो. सगळं स्पष्ट बोललो. एका घरचा तरणा मुलगा गेला. ज्याच्या दारूपायी गेला तो आज मोकळा फिरतोय, आपल्यात येऊन बसतोय, आणि आपण गप्प. असं किती दिवस चालायचं, म्हणालो.”

बाबांचा हात थांबला नाही.

“बायका रडत होत्या, बाबा. साळवे मास्तर उपासना संपल्यावर माझा हात सोडेनात.”

साळवे मास्तर म्हणजे चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. गेलेला मुलगा त्यांचाच. तीन वर्षांपूर्वी, नाताळच्या आधी, बाजारातून येताना टेम्पो उलटला होता. शांतवन पगारे चालवत होता आणि तो प्यायलेला होता. शेजारी मास्तरांचा मुलगा बसला होता. एक जागच्या जागी गेला. दुसरा तुरुंगात गेला, शिक्षा भोगून आला, आणि आल्यावर पहिल्याच रविवारी चर्चमध्ये येऊन बसला.

“शांतवन होता का उपदेशाला?” बाबांनी विचारलं.

“होता. शेवटच्या बाकावर, दाराशी.”

“पुढच्या रविवारी आला?”

“नाही.”

“मग तू गेलास?”

“कुठे?”

बाबांनी मान वर केली. “तो जिथं होता तिथं.”

प्रबोध जरा गोंधळला. “मी त्याला हाकललं नाही, बाबा. तो स्वतःहून यायचा थांबला.”

“बरं.”

एवढंच बोलून बाबांनी पुढची चिंच घेतली. प्रबोधने ढिगातली एक उचलली, टरफल काढलं आणि विचारांच्या तंद्रीत चोखत बसला.

“तुम्ही कधी जाता त्याच्याकडे?” थोड्या वेळाने त्याने विचारलं.

“माझा पाय मोडल्यापासून मला कुठं जाता येतं? तोच येतो. या चिंचा त्यानंच झोडल्या.”

प्रबोधची जीभ जागच्या जागी थांबली. त्याने चिंच तोंडातून काढली, हातात धरली. टाकावी की खावी, त्याला कळेना.

बाबा त्याच्याकडे बघत होते.

“आंबट लागली?”

चिंच परत तोंडात घालणं त्याला जमलं नाही. टाकणंही जमलं नाही.

“प्रबोध, तुला कोणाची भीती वाटते?”

“देवाची.”

“ते उत्तर सगळ्यांनाच पाठ असतं. आणखी कोणाची?”

...

प्रबोध अंगणाकडे बघत राहिला. त्याला पहिला महिना आठवला. मास्तरांनी आपल्या घरचा पलंग पाठवला होता, प्रबोधच्या बायकोच्या बाळंतपणाला शहरातला डॉक्टर बघून दिला होता. आणि एका संध्याकाळी सहज बोलता बोलता म्हणाले होते, ‘पाळकसाहेब, तो माणूस सुटून येतोय. मंडळीची तुमच्याकडून काही अपेक्षा आहे.’ प्रबोधला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, ते कमिटी ठरवणार होती. मास्तर त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. बोलायची गरजही नव्हती.

“मास्तरांचं दुःख फार मोठं आहे, बाबा,” तो शेवटी म्हणाला. “त्यांच्याकडे बघून मला राग आला.”

“राग मास्तरांचा आहे. पोरगा त्यांचा गेला. त्यांनी तो राग कितीही दिवस ठेवावा, त्यांना कोण विचारणार? पण तू तो उसना घेतलास. कशाला?”

प्रबोधने मान खाली घातली.

“मग आता काय करू?”

“शांतवनच्या घरी जा. प्यायला पाणी माग.”

“आणि बोलू काय?”

“पाणी मागताना माणूस काय बोलतो?”

“...पाणी द्या म्हणतो.”

“तेवढंच बोल. शास्त्रातलं काही सांगू नको. प्रार्थना करू नको. आणि गाडी इथं ठेव, चालत जा.”

प्रबोध उठला. ओसरीच्या कडेला जाऊन घुटमळला. “त्याच्या घराला मागून पण एक वाट आहे ना, ओढ्याकडून?”

“तहानलेला माणूस लांबच्या वाटेनं जातो का?”

*

दुपार कलायला लागली होती. प्रबोध भर रस्त्याने निघाला. किराणा दुकानाच्या फळीवर चर्चमधलेच दोघे बसले होते, त्यांनी सलाम केला. पुढे साळवे मास्तरांचं घर. मास्तर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. “या की,” म्हणाले. प्रबोध म्हणाला, “येतो, जरा पुढं जाऊन.” पुढे म्हणजे कुठे, ते त्याने सांगितलं नाही. पण त्या रस्त्याला पुढे मंडळीतलं फक्त पगाऱ्यांचं घर होतं.

पाठीवर मास्तरांची नजर आहे, हे त्याला न वळताच कळत होतं.

शांतवन अंगणात कोंबड्यांचं खुराडं नीट करत होता. प्रबोधला बघताच हातातली तार टाकून उठला आणि दोन्ही हात अंगालगत सोडून ताठ उभा राहिला. साहेब आल्यावर तुरुंगात उभं राहावं लागतं, तसा. त्याची आई सरूबाई दाराशी धान्य पाखडत होती. तिने पदर सारखा केला, पण ‘बसा’ म्हणाली नाही.

“पाणी मिळेल का?” प्रबोधने विचारलं.

“काय?”

“पाणी. प्यायला.”

सरूबाईने सूप खाली ठेवलं.

“आमच्या घरचं चालतं का तुम्हाला?”

प्रबोधच्या तोंडात पुष्कळ शब्द आले. सेमिनरीत शिकलेले, ओळीने लावलेले. त्याने ते सगळे गिळले.

“तहान लागलीय, मावशी.”

सरूबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग बोलायला लागली, सावकाश, जणू दुसऱ्याच कोणाला सांगतेय.

“माझा सासरा सांगायचा. गावच्या विहिरीवर आपल्या माणसाला हात लावू देत नव्हते. काठाशी उभं राहायचं. कोणाला दया आली तर वरून ओंजळीत ओतायचं, ते प्यायचं. मिशननं विहीर खणली तेव्हा त्यानं जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पाणी शेंदलं. तिथंच बसून रडला म्हणे. म्हणून आम्ही ख्रिस्ती झालो, पाळकसाहेब. शास्त्र कुठं वाचता येत होतं तेव्हा? पाणी कळलं.”

ती थांबली.

“आता मी नळावर गेले की आपल्याच बायका हंडे उचलून घरी जातात. तुम्ही तो उपदेश केला ना... त्या दिवसापासून.”

प्रबोधला वाटलं, आपण खाली बसावं. तो पायरीवर बसला.

आत राखेने तांब्या घासल्याचा आवाज यायला लागला. शांतवन कधी आत गेला ते प्रबोधला कळलंच नव्हतं. आवाज थांबेना. एकदा घासून झालं, विसळलं, पुन्हा घासायला सुरुवात. सरूबाईने आत बघितलं, पण त्याला हटकलं नाही.

शेवटी तो पाणी घेऊन आला. तांब्या पुढे केला, आणि प्रबोधने हात पुढे करण्याआधीच त्याने तो जमिनीवर ठेवला, थोडा लांब.

“हातात दे,” प्रबोध म्हणाला.

शांतवनने तांब्या उचलला आणि हातात दिला. पाणी हिंदकळून दोघांच्या बोटांवर सांडलं.

प्रबोध रस्त्याकडे तोंड करूनच बसला होता. तो तसाच बसून पाणी प्याला. रस्त्याने एक मोटरसायकल चालली होती, ती हळू झाली. मागे बसलेल्याने वळून बघितलं. प्रबोधने तांब्या तोंडाशीच ठेवला. गावात ही गोष्ट आपल्या आधी पोचणार, हे त्याला दिसत होतं.

“पाळकसाहेब,” शांतवन म्हणाला. त्याचा आवाज प्रबोध पहिल्यांदा ऐकत होता. “तुम्ही खोटं काही बोलला नाहीत. मीच चालवत होतो. मीच प्यालो होतो.”

प्रबोधने तांब्या खाली ठेवला.

“फक्त एक...”

“बोल.”

“तुम्ही त्याचं नाव नाही घेतलं. आता कोणीच घेत नाही. ‘तो मुलगा’, ‘मास्तरांचा मुलगा’. नाथान म्हणत नाहीत. माझ्यासमोर तर नाहीच. मी पण घेऊ शकत नाही. मी कोणत्या तोंडानं घेऊ?” तो खुराड्याच्या तारेकडे बघत होता. “माझा मित्र होता तो. आम्ही अंगणवाडीपासून एकत्र.”

प्रबोधला नाव ठाऊक होतं. उपदेश लिहिताना त्याने ते आधी लिहिलंही होतं. मग खोडून तिथे ‘तरणा मुलगा’ केलं होतं. वाचताना ते जास्त परिणामकारक वाटलं होतं. निघताना तो शांतवनला एवढंच म्हणाला, “रविवारी चर्चला ये.”

*

परत येताना मास्तर व्हरांड्यात उभे होते. या वेळी ‘या की’ म्हणाले नाहीत.

“पाळकसाहेब. इकडं या.”

प्रबोध फाटकातून आत गेला.

“तहान भागली?”

“हो.”

“माझ्या घरी पाणी नव्हतं?”

“होतं, मास्तर.”

“मग?”

प्रबोधच्या ओठांवर आलं होतं, ‘बाबांनी पाठवलं म्हणून गेलो.’ एवढं बोललं असतं तर निभावलं असतं. बाबांना कोणी काही म्हणालं नसतं. म्हातारा माणूस, याच गावचा, सगळ्यांच्या मानातला. मास्तर नुसते मान हलवून आत गेले असते.

त्याने ते वाक्य गिळलं.

“मी गेलो होतो,” तो म्हणाला. “पुन्हा जाईन. त्याला रविवारी चर्चमध्ये ये म्हणून सांगून आलोय.”

मास्तरांचा चेहरा हलला नाही. पण हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला.

“त्या रविवारी तुम्ही काय बोललात आणि आज काय करताय?”

“त्या रविवारी मी तुम्हाला घाबरून बोललो, मास्तर.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

“मी कमिटीत हे मांडणार,” मास्तर म्हणाले.

“मांडा. तुमचा अधिकारच आहे.”

“आणि तो बसला त्या छपराखाली मी बसणार नाही.”

“हं.”

प्रबोध जायला वळला. फाटकाशी गेला. आणि तिथून परत आला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं.

“मास्तर, मला नाथानबद्दल सांगाल?”

नाव ऐकताच मास्तरांनी असं बघितलं, जणू कोणी त्यांना मागून हाक मारली.

“काय सांगू?”

“काहीही. मी त्याच्यावर अख्खा उपदेश केला आणि मला त्याची काहीच माहिती नाही. नावसुद्धा घेतलं नाही मी.”

मास्तर खुर्चीवर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“वांगं खायचा नाही,” ते म्हणाले.

प्रबोध व्हरांड्याच्या कठड्यावर टेकला.

“अजिबात नाही. ताटात दिसलं तरी उठायचा. त्याची आई अजून वांगं करत नाही घरात.” ते थांबले. “ढोलकी वाजवायचा चर्चमध्ये. चांगली वाजवायचा, पण वेळेवर कधी नाही. पहिलं गाणं अर्धं झालं की धावत यायचा. मी पुढच्या बाकावर बसून रागानं बघायचो, आणि हा मान खाली घालून ढोलकी ओढायचा. हसत असायचा. मला दिसायचं...”

ते बोलत राहिले. नाथान पोहायला कसा शिकला. त्याला शेती नको होती, दुकान टाकायचं होतं. एकदा बापाशी भांडून आत्याकडे निघून गेला आणि बस चुकली म्हणून संध्याकाळीच परत आला. ऊन भिंतीवरून उतरलं, कोंबड्या खुराड्यांत गेल्या. आतून मास्तरांची बायको येऊन दाराला टेकून उभी राहिली. मध्येच एकदा म्हणाली, “बस नव्हती चुकली. मला सांगितलं होतं त्यानं. मुद्दाम आला परत.”

मास्तरांना ते माहीत नव्हतं.

“लोक विचारत नाहीत,” मास्तर म्हणाले. “मला त्रास होईल वाटतं त्यांना.” मग बऱ्याच वेळाने, “व्हावा की त्रास. तेवढाच तर राहिलाय माझ्याकडे.”

प्रबोध निघाला तेव्हा मास्तर फाटकापर्यंत आले.

“मी त्याला क्षमा करणार नाही, पाळकसाहेब.”

“मी ते मागायला आलो नव्हतो.”

“मग कशाला आला होता?”

प्रबोधने मास्तरांचा हात हातात घेतला, थोडा वेळ धरला, आणि गेला.

*

रविवारी उपासना सुरू झाली. मास्तर नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर होते. शांतवन दिसत नव्हता.

दुसरं गाणं चालू असताना प्रबोधला उघड्या दारातून तो दिसला. फाटकाच्या आत, पण पायऱ्यांपासून लांब. धुतलेला शर्ट घातलेला. आत यावं की जावं, या विचारात एक पाय पुढे टाकलेला आणि तसाच थांबलेला.

प्रबोध पुलपिटावरून उतरला.

मंडळी गात होती. पाळक पांढऱ्या झग्यात मधल्या वाटेने दाराकडे चाललेला बघून एकेक आवाज गळत गेला. तो दाराबाहेर गेला तोवर फक्त पेटी वाजत होती. प्रबोधने शांतवनच्या कोपराला धरलं आणि त्याला आत आणलं. शेवटच्या बाकावर जागा होती. ते दोघे बसले तशी त्या बाकावरची माणसं उठून पुढे गेली.

प्रबोध पुलपिटावर गेला नाही. तिथूनच, शांतवनच्या शेजारी बसून, त्याने प्रार्थना केली. “प्रभू, आज नाथानची आठवण करतो,” असं म्हणून सुरुवात केली.

प्रार्थनेच्या मध्येच पहिला बाक वाजला. मास्तर उठले होते.

ते मधल्या वाटेने आले. शेवटच्या बाकापाशी थांबले. शांतवनने मान इतकी खाली घातली होती की हनुवटी छातीला लागली होती. मास्तर त्याच्या डोक्याकडे बघत उभे राहिले. चर्चमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

मग ते बाहेर गेले.

घरी मात्र गेले नाहीत. चर्चच्या पायरीवर बसले. शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत तिथेच होते, दाराकडे पाठ करून.

*

त्यानंतरचे दिवस सोपे गेले नाहीत. काही घरं चर्चला यायची थांबली. कमिटीची बैठक झाली. प्रबोधला ठेवायचं की नाही, तो निर्णय पुढे ढकलला गेला. दुकानाच्या फळीवरचे सलाम कमी झाले. बायको एकदा म्हणाली, “बाळाला घेऊन कुठं जायचं, ते तरी ठरवून ठेवा.” तो म्हणाला, “ठरवतो.” पण ठरवलं नाही.

शांतवन येत राहिला. मास्तरही येत राहिले. एक शेवटच्या बाकावर, एक बाहेर पायरीवर. पाऊल वाजलं की शांतवन मान खाली घालायचा. मास्तर आत बघायचे नाहीत. पण गाणी ऐकायचे. एकदा प्रबोधला दिसलं, त्यांची बोटं गुडघ्यावर ढोलकीचा ठेका धरत होती.

सरूबाई नळावर गेली की एक-दोन बायका आता हंडा उचलत नव्हत्या. बाकीच्या उचलत होत्या.

गुड फ्रायडे, म्हणजे येशूला वधस्तंभावर खिळल्याचा दिवस, तोंडावर आला तेव्हा प्रबोध पुन्हा बाबांच्या ओसरीवर गेला. चिंचा संपल्या होत्या. बाबा भिंतीला टेकून, मोडका पाय लांब करून बसले होते.

“उपदेश सुचत नाही, बाबा,” तो म्हणाला. “लिहायला बसतो आणि माणसंच डोळ्यांपुढं येतात. पूर्वी शब्द यायचे.”

“बरं झालं.”

“बरं कसलं? मी हे सगळं केलं आणि काय झालं? तुम्ही सांगितलं म्हणून...” तो थांबला. “नाही. मीच केलं. पण काही जुळलं नाही. एक आत बसतो, एक बाहेर. मी शांतवनजवळ बसलो की मास्तर पायरीवर एकटे. पायरीवर जाऊन बसलो की तो बाकावर एकटा. रोज वाटतं, एकाला धरलं की दुसरा हातातून सुटतोय.”

बाबा ऐकत होते.

“मास्तरांना सांगू का, की आता क्षमा करा?”

“नको.”

“मग शांतवनला सांगू, थोडे दिवस घरी थांब म्हणून?”

“नको.”

“मग मी नेमका कोणाच्या बाजूला राहू?”

“दोघांच्या.”

“एकाच वेळी?” प्रबोधच्या आवाजात थकवा होता. “एक दाराच्या आत, एक दाराबाहेर. दोघांना एकाच वेळी कसं धरता येईल, बाबा?”

बाबांनी डोळे मिटले.

...

“हात दोन्हीकडं पसरावे लागतात,” बाबा म्हणाले. “दुखतात फार.”